पडदा ओढणारं पोर



गॅदरिंग आलं की शाळेत वर्णव्यवस्था नव्यानं मांडली जाते. शिवाजी कोण? चेअरमनचा पोरगा. जिजाऊ कोण? गोरी, नाकीडोळी नीटस. आणि आपलं पोर? पडदा ओढायला. फार तर भालदार. त्याला बोलायला एकच वाक्य, 'जी सरकार'. मी वाळवा तालुक्यात मास्तरकी करतो, ही वाटणी दरसाल बघतो. कुणी मुद्दाम करत नाही म्हणे. मुद्दाम करायची गरजच काय, अंगवळणी पडलंय सगळं.

आपण आज सांगलीत बसलोय. इथंच १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं, संस्थानिकांच्या आश्रयानं. मराठी रंगभूमी तिथनं सुरू झाली असं सांगतात. सांगू देत. मला त्यातली एकच गोष्ट कामाची वाटते. त्या खेळात नटांना लिहून दिलेली भाषणं नव्हती. सूत्रधार पदं म्हणायचा आणि नट आपापलं बोलणं जागेवर जुळवायचे. आणि आपण चौथीच्या पोराला पुस्तकी भाषेतलं पानच्या पान घोकायला लावतो! अडखळलं की खाली बसवतो. भाषा त्याची नव्हं, चूक मात्र त्याची.

१८५५ साली जोतीरावांनी 'तृतीय रत्न' लिहिलं. दक्षिणा प्राइज कमिटीनं ते नाकारलं. त्यात एक विदूषक आहे, मधेमधे तोंड घालून भटाचं बिंग फोडणारा. हा विदूषक वर्गात आणा. जे पोर सगळ्यात जास्त बोलणी खातं, त्यालाच ते काम द्या. मग बघा.

आता बाहुल्या. गळीत हंगामात बीडकडनं ऊसतोडीवाल्यांची लेकरं येतात. चार महिने मागच्या बाकावर बसतात, जातात. तोंड उघडत नाहीत. अशाच एका पोरीच्या हातात मी मोज्याची बाहुली दिली. दोन बाकांना जुनी साडी बांधली, ती मागं बसली. चेहरा कुणाला दिसत नव्हता. बाहुली मात्र बोलायला लागली : "मुकादम, उचल फिटली का नाही? का आता लेकराच्या नावावर लिवली?" वर्ग गप. मी बी गप. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

खर्च काही नाही. फाटका मोजा, डोळ्यांना बटणं, हाताला चिपाडं. डोकं करायचं तर रद्दीचा लगदा आणि मैद्याची खळ. उन्हात दोन दिवस वाळू द्या, घाई केली की तडकतं. तीन पात्रं बास, दहा मिनिटं बास. गोष्ट पोरांची : रेशनचं दुकान, पाण्याची टाकी, बाजार. मास्तरनं दोनच गोष्टी विचारायच्या, 'मग काय झालं?' आणि 'तो असं का बोलला?' शुद्धलेखन सोमवारी. पात्रं मात्र रोज फिरवा. टाकीचा मालक एक दिवस आपलं पोर, पाणी मागणारा चेअरमनचा.

एका गोष्टीवर मला राग येतो. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या शाळेत भिवा रामजीचं नाव दाखल झालं. २०१७ पासून सरकारही त्या दिवशी विद्यार्थी दिवस करतं. उत्साही मास्तर गोणपाटाचा प्रसंग बसवतात. आणि गोणपाटावर बसवायला पोर कुठलं निवडतात? आपलंच! आज्यानं सोसलं, बापानं सोसलं, आता नातवानं टाळ्यांसाठी सोसायचं. असलं समतेचं नाटक नको. आपल्या पोराच्या हातात हजेरीचं रजिस्टर द्या. नावं त्याला पुकारू द्या.

आणि बाहुल्या कपाटात कुलपात ठेवू नका. इन्स्पेक्शनला दाखवायच्या वस्तू नव्हंत त्या. पोरांना घरी नेऊ द्या. त्या पोरीची बाहुली कारखान्याचा पट्टा पडल्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, भांड्याकुंड्यांवर बसून बीडला गेली.