संगणकाची बैठक

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानें जातांना यवतच्या आसपास उसाचे मळे आणि गुऱ्हाळें लागतात. अशा एखाद्या गुऱ्हाळाचा हिशेब वहींतून संगणकावर न्यावयाचा झाला, तर आधीं पडद्याची मांडामांड करावी लागते. त्या पडद्यास 'डेस्कटॉप', म्हणजे मेजाचा पृष्ठभाग, म्हणतात. झेरॉक्स कंपनीनें १९८१ सालीं विक्रीस काढलेल्या 'स्टार' यंत्राच्या पडद्यावर कचेरींतील कागद व फायली यांचींच चित्रें होतीं. जुन्या हिशेबनिसाला मेजापेक्षां गादी आणि पुढली उतरती पेटी अधिक परिचयाची. पण हाताशीं काय असावें हें बसणाऱ्यानेंच ठरवावयाचें, हें दोहोंकडे सारखें.

पडद्यामागें चित्र कोणतें लावावें यांत पुष्कळांची दुपार जाते. जवळच्या भुलेश्वराच्या देवळाचें चित्र शोभेलहि. मात्र नक्षीवर चिन्हांखालचीं अक्षरें हरवतात. साधा गडद रंग बरा.

खरा प्रश्न भाषेचा. विंडोज, ग्नोम, केडीई या तिन्हींत मराठी निवडतां येते, तरी पुष्कळ घरांत ती निवडली जात नाहीं. मग संगणक घराचा असूनहि इंग्रजी येणाऱ्या मुलाच्या स्वाधीन राहतो, आणि ज्या आजोबांना हिशेब कळतो ते बाजूस बसून नुसते आंकडे सांगतात.

लिहिण्यासाठीं 'इन्स्क्रिप्ट' कळफलक घ्यावा. त्यांत स्वर डाव्या हाताला, व्यंजनें बहुतेक उजव्या हाताला. रोमन अक्षरांतून मराठी उमटविण्याची रीत सोपी वाटते, पण ती इंग्रजी जाणणाऱ्यालाच सोपी! 'गुऱ्हाळ' हाच शब्द पाहावा. साध्या 'र'चा पाय मोडून 'ह' लिहिला, तर रफार डोक्यावर चढून 'गुर्हाळ' असें विद्रूप रूप उमटतें. इन्स्क्रिप्टमध्यें 'र' इंग्रजी 'जे'च्या कळीवर आहे. शिफ्टसह तीच कळ दाबल्यास नुक्त्याचा 'ऱ' मिळतो. त्यापुढें 'डी'वरील हलन्त व 'यू'वरील 'ह' दाबला कीं 'ऱ्ह' सिद्ध होतो.

भाषा हिंदी ठेवल्यास कित्येक टंकांत 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसतात. मराठी ठेवतांच त्यांपैकीं कांहीं टंक पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' दाखवितात. महाराष्ट्र शासनानें २००९ सालीं हींच वळणें प्रमाण ठरविलीं.

एवढें झाल्यावर अक्षरें सव्वापट मोठीं करावींत, हिशेबाची फाईल 'गुऱ्हाळ' या नांवानें डाव्या कोपऱ्यांत ठेवावी, बाकीचीं चिन्हें काढून टाकावींत आणि खुर्ची आजोबांना द्यावी.