बंद पडलेल्या स्कूटरची परीक्षा



हिंगोलीहून औंढ्याला जाताना भर उन्हात स्कूटर बंद पडते, अर्ध्या तासाने सुरू होते, आणि मेकॅनिककडे नेली की तिला काहीच झालेले नसते! म्हणून परीक्षा बंद पडल्या जागीच करावी.

आधी टाकीचे झाकण सैल करावे. जवळ विस्तव नसावा. हवा आत ओढल्याचा आवाज होऊन गाडी सुरू झाली, तर झाकणाचे बारीक छिद्र बुजले आहे. आत हवा शिरल्याखेरीज पेट्रोल उतरत नाही.

नाहीतर झाकण घट्ट लावून प्लग काढावा, फडक्याने धरून. कोरडा निघाला तर पेट्रोल पोहोचत नाही. ओला असेल तर ठिणगीचा संशय घ्यावा. जुनी इग्निशन कॉइल तापली की दगा देते, निवली की पुन्हा शहाणी!

२०२० नंतरच्या गाड्यांत बहुधा इंजेक्शन असते. तेथे किल्ली फिरवताच पंपाची गुणगुण येते का, तेवढे ऐकावे व मेकॅनिकला सांगावे.