जुनी यादी पुसू नका

आज पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो,

तुमचं अभिनंदन. पालकांचंही, कारण फी त्यांनी भरली आहे.

माझी ओळख करून देताना निवेदकांनी मला माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातली अग्रणी वगैरे म्हटलं. साखर कारखान्यात मला असं कोणी कधी म्हटलं नाही. तिथे मी 'कॉम्प्युटरच्या बाई' होते. १९८०च्या दशकात मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या खात्याचं नाव ईडीपी होतं, मग एमआयएस झालं, मग आयटी, आणि मी निवृत्त होता होता डिजिटल. पाटी दर वेळी नवी, खातं मात्र कायम अकाउंट्सच्या पोटात. संचालक मंडळाच्या बैठकीला आमचा रिपोर्ट आत जायचा आणि आम्ही बाहेर बाकावर बसायचो, एखादं पान कमी निघालं तर धावायला. खोलीत एसी होता, पण तो मशीनसाठी. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. देवळाखेरीज कारखान्यात चपला काढायला लावणारी ती एकच जागा, आणि देवळासारखंच तिथे येणारा प्रत्येक जण काहीतरी मागायलाच यायचा.

मागायचे ते रिपोर्ट. १३२ कॉलमचा कागद, डॉट मॅट्रिक्सचा करकराट, आणि रोजचं गाळप गटवार, वाहनवार, जातवार. उसाच्या जाती म्हणते मी, हसू नका. त्यातले किती वाचले जात होते, देव जाणे. कॅन्टीनमध्ये भजी ज्या कागदात मिळायची त्यावर मी माझेच रिपोर्ट ओळखलेले आहेत. रसेल अकॉफ या अमेरिकन अभ्यासकाने १९६७ सालीच लिहून ठेवलं होतं की साहेबांना माहिती कमी पडते हा गैरसमज आहे, त्यांना नको ती माहिती फार मिळते. तुम्हाला तो लेख अभ्यासाला असेल. नसला तर प्राध्यापकांना विचारा का नाही.

आता मुद्द्याकडे येते. निर्णयाला मदत करणारी प्रणाली असा एक धडा तुमच्या पुस्तकात असतो. आमच्याकडे ती प्रणाली म्हणजे तोडणीची यादी. कारखान्याचा कच्चा माल हजारो शेतकऱ्यांच्या रानात उभा असतो. आडसाली जुलै-ऑगस्टात लावलेला, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, सुरू जानेवारी-फेब्रुवारीचा, त्यावर खोडवा. कोणता प्लॉट कोणत्या आठवड्यात तोडायचा यावर सगळा हंगाम तोललेला असतो. कोवळा तोडला तर साखर भरलेली नसते, उशीर झाला तर वजन आणि साखर दोन्ही उतरतात. दिवसाला ५,००० टन गाळणाऱ्या कारखान्याचा उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, ०.१ टक्क्याने घसरला, तर रोजची ५ टन साखर गेली. सरकारने २०१९मध्ये ठरवलेला क्विंटलला ३,१०० रुपये हा किमान विक्री दर धरला, तरी दिवसाला दीड लाखाच्या वर नुकसान. शिवाय एफआरपी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा किमान ऊसदर, उताऱ्याशी बांधलेली, तेव्हा पुढे त्यालाही चाट.

म्हणून आम्ही प्रोग्रॅम लिहिला. लागणीची तारीख, जात, रसाची गोडी सांगणारा ब्रिक्स घातला की यादी बाहेर. पहिल्याच वर्षी नोंदी तपासताना एका गावात निम्म्याहून जास्त आडसाली ऊस एकाच दिवशी लावलेला निघाला. १ जुलै. नोंदी १ जुलैपासून धरायच्या असा नियम होता. एवढे मजूर, एवढं बेणं आणि एवढं पाणी एका दिवसात कुठून आलं, असं मी शेतकी अधिकाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, "बाई, आमच्या गावात एकी फार आहे."

शेतकऱ्यांना मी दोष देत नाही. लवकरची तारीख म्हणजे लवकर तोड. रान मोकळं झालं की हरभरा-गहू साधतो. मागे राहिलेल्याला तोडीची चिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयच्या दारात उभं राहावं लागतं, तोडणीच्या टोळीला खुशालीचे पैसे द्यावे लागतात, ट्रॅक्टरवाल्याला एन्ट्रीचे. तारीख खोटी लिहिली की फायदा होतो हे ज्याला कळतं तो खोटीच लिहिणार. आम्ही त्यावर उपाय म्हणून प्लॉट पाहून नोंद घ्यायला लावली, थोडा फरक पडला, पुन्हा मागचे पाढे. असो.

खरी गोष्ट पुढे आहे. यादी दर पंधरवड्याला छापून वर जायची आणि संध्याकाळी खाली यायची, तेव्हा तिच्यावर निळ्या पेनाचे बाण असायचे. तीनशे नंबरचा माणूस बारावर. कोणी संचालकांचे मेहुणे, कोणाच्या मुलीचं लग्न, कोणाच्या फडाला आग लागलेली. जळका ऊस आधी तोडायलाच हवा. लग्नालाही माझी हरकत नव्हती. चेअरमनना यादी बदलण्याचा अधिकार होता आणि तो असायलाच हवा, कारण आमच्या प्रोग्रॅमला आग दिसत नव्हती.

माझं भांडण त्यापुढच्या आदेशाशी होतं. बाणांप्रमाणे कॉम्प्युटरमधली यादी दुरुस्त करा आणि आधीची काढून टाका. कशासाठी? तर ऑडिटला दोन याद्या सापडल्या तर प्रश्न निघतील. मी लेखी विरोध केला, लेखी उत्तर आलं नाही, यादी गेली. हंगाम संपल्यावर उतारा घसरल्याची चर्चा झाली आणि एकमताने ठरलं की कॉम्प्युटरची यादी चुकली. फाइलमध्ये यादी एकच होती ना, आणि तिच्यावर शिक्का आमच्या खात्याचा! ती बैठक मी विसरलेले नाही. विसरायचा विचारही नाही.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसने १९९९पासून शाखांमध्ये होरायझन नावाची हिशेबाची प्रणाली बसवली. शाखांच्या हिशेबात तुटी दिसू लागल्या. २०१५पर्यंत ९००हून अधिक लोक चोरी किंवा खोट्या हिशेबासाठी दोषी ठरले, त्यात भारतीय वंशाचे अनेक. एका बाईंना २०१०मध्ये गरोदर असताना तुरुंगात जावं लागलं. पोस्ट ऑफिस वर्षानुवर्षं सांगत राहिलं की शाखेच्या हिशेबात बाहेरून कोणाला हात घालता येत नाही. २०१९मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात सिद्ध झालं की घालता येत होता, तोही शाखेतल्या माणसाला पत्ता न लागता. शेवटी २०२४मध्ये संसदेला कायदा करून शेकडो शिक्षा एकदम रद्द कराव्या लागल्या. त्या माणसांनी काउंटरवर बसून ओरडून सांगितलं होतं की हा आकडा आमचा नाही. पण पडद्यावर जे दिसत होतं तेच खरं मानलं गेलं, आणि आकडा कसा बदलत गेला ते त्यांना पाहायला मिळत नव्हतं.

याच्या उलट एक चांगलं उदाहरण आपल्या शेजारचं आहे. वारणानगरला १९९८मध्ये वायर्ड व्हिलेज प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर-सांगलीतल्या सुमारे ७० गावांत कॉम्प्युटर ठेवले, शेतकऱ्याला सगळं गावातच कळावं म्हणून. पुढे बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या लोकांनी पाहिलं की त्या कॉम्प्युटरांचा मुख्य उपयोग गाव आणि तिथला साखर कारखाना यांच्यात उसाच्या नोंदी पाठवण्यापुरताच होतोय, तर ते काम साध्या मोबाईलच्या एसएमएसवर का होऊ नये? काही गावांत त्यांनी ते करून दाखवलं. सगळे त्यातल्या बचतीचं कौतुक करतात. मला त्यातलं दुसरंच आवडतं. उसाच्या वजनाचा मेसेज एकदा शेतकऱ्याच्या मोबाईलवर गेला की तो कारखान्याला परत बोलावता येत नाही.

    

आता उपग्रहावरून उसाचा अंदाज घेतात, बारामतीला ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग चालू आहेत. चांगलंच आहे, मी त्या बाजूची आहे. पण हे नवं यंत्र शिकणार कशावरून? जुन्या हंगामांवरून. त्याला आपण काय देणार, १ जुलैला लावलेलं अख्खं गाव? बाण मारून नंतर साफ केलेल्या याद्या? यंत्राने काय सुचवलं होतं आणि माणसाने काय केलं, हे शेजारी शेजारी ठेवलेलं नसेल, तर त्या दोघांत कोण बरोबर होतं हे यंत्रालाही कळणार नाही आणि चेअरमननाही. मेहुण्यांचा नंबर का वर गेला ते मात्र यंत्र हुबेहूब शिकेल, आणि पुढच्या वर्षी कोणी न सांगता त्यांना बारावर ठेवेल.

तुमच्यापैकी कोणी कारखान्यात जाईल, कोणी दूध संघात, कोणी बँकेत, कोणी हिंजवडीत. तुमच्या साहेबांना तुमचा सल्ला न मानण्याचा पूर्ण हक्क आहे, आणि बऱ्याच वेळा त्यांचंच बरोबर निघेल. त्यावरून रुसून बसू नका. पण तुम्ही दिलेली पहिली यादी तारखेसह ठेवा. बदल केला तो कोणी, कधी आणि का, ते तिच्याखाली लिहा. हंगाम संपला की दोन्ही काढून सर्वांसमोर मांडा, तुमची चूक निघाली तरी. पुसायला सांगतील तेव्हा म्हणा की आदेश लेखी द्या. बहुतेक वेळा तो लेखी येत नाही, आणि मग यादी राहते.