विमान वर कां चढेना ?

विमान वर न्यावयाचें म्हणजे त्याचें नाक वर उचलावयाचें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. उरलेलें अर्धें शिकतांना कित्येक नवशिक्यांना जमिनीवर आदळावें लागलें आहे. अमेलिया इअरहार्ट हिची १९२१ सालची हकीकत श्रोत्यांनीं या दृष्टीनें ऐकण्यासारखी आहे.

त्या वर्षीं ३ जानेवारीला लॉस एंजेलिसजवळच्या किनर फील्डवर तिनें पहिला धडा घेतला. तिचें वय तेव्हां तेवीस. शिक्षिका नेटा स्नूक तिच्याहून जेमतेम दीड वर्षानें वडील. उन्हाळ्यांत अमेलियानें किनर एअरस्टर जातीचें लहानसें दुपंखी विमान विकत घेतलें.

एके दिवशीं दोघी त्या विमानांतून निघाल्या. विमान अमेलियाच्या हातीं होतें. जमीन सुटली, पण उंची मिळेना. आणि समोर निलगिरीचीं झाडें उभीं! तीं चुकविण्यासाठीं तिनें नाक आणखी वर केलें. वेग ओसरला व विमान कोसळलें. विमानाचें नुकसान झालें, पण दोघी बचावल्या. स्नूकबाईंची आठवण अशी कीं, त्यांनीं वळून पाहिलें तों अमेलिया नाकाला पावडर लावीत होती. बातमीदार आले तर नीटनेटकें दिसलें पाहिजे, असें तिचें म्हणणें!

प्रसंग हंसण्यावारी गेला, तरी त्यामागील नियम निष्ठुर आहे. पंखाला आधार मिळतो तो त्यावरून वाहणाऱ्या हवेचा. नाक प्रमाणाबाहेर उचललें कीं पंख हवेला फार तिरपा भिडतो. त्याच्या पाठीवरील प्रवाह विस्कटतो आणि आधार एकाएकीं सुटतो. घार फांदीवर बसतांना पंख असेच उभे करते. पण तिला बसावयाचेंच असतें! वैमानिकाला उपाय एकच : नाक खालीं करून पंखाला पुन्हां वेग मिळवून देणें. उंचावर हें साधतें. झाडांच्या शेंड्यांपाशीं मात्र भीति ‘वर ओढ’ म्हणून सांगते, आणि खालीं उतरावयास जागा उरलेली नसते. म्हणून ही संवय आधींच, भरपूर उंचीवर, हाताला लावून घ्यावी लागते.

पुढें अमेलियानें तेंच केलें. जॉन माँटिजो या दुसऱ्या शिक्षकाजवळ ती शिकूं लागली, आणि आकाशांतील कसरती थोड्यातरी येईपर्यंत एकटीनें उडावयाचें नाहीं, असा हट्ट तिनें धरला. १९२३ मध्यें तिला वैमानिकाचा परवाना मिळाला. २० मे १९३२ रोजीं ती न्यूफाउंडलंडहून एकटीच निघाली आणि सुमारें पंधरा तासांनीं आयर्लंडच्या उत्तर भागांत उतरली. अटलांटिक महासागर विमानानें एकटीनें ओलांडणारी ती पहिली स्त्री. १९३७ च्या जुलैंत पृथ्वीप्रदक्षिणा करीत असतां पॅसिफिक महासागरावर ती आपल्या मार्गदर्शकासह नाहींशी झाली.

विमानविद्या कोणालाही अभयदान देत नाहीं. तथापि विमानशाळांतून आजही विद्यार्थ्याला एकट्यानें आकाशांत सोडण्यापूर्वीं, शिक्षक शेजारीं असतांना, उंचावर हाच धडा पुनः पुन्हां गिरवावयास लावतात : नाक उचलावयाचें, आधार सुटूं द्यावयाचा, आणि मनाविरुद्ध हात पुढें करून विमान सांवरावयाचें.