यादी कोण राखतं?

(बेंगळूरुच्या व्हाइटफील्डमधील मराठी मंडळींच्या वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान, थोडे संक्षिप्त करून)

पुढच्या खुर्च्या रिकाम्या ठेवून मागे भिंतीला टेकून उभं राहायची आपली परंपरा पुण्याहून थेट कडुगोडीपर्यंत शाबूत पोचलेली बघून बरं वाटलं. (हशा)

पत्रिकेत विषय छापलाय, ‘ब्राउझरमधले ॲड ब्लॉकर कितपत चालतात?’ एका वाक्यात उत्तर हवं असेल तर, यादी ताजी असेल तितपत. ज्यांना स्वयंपाकाची घाई आहे ते आता निघू शकतात.

कुकी म्हणजे काय वगैरे मी सांगत नाही. आयटीपीएलसारख्या आयटी पार्कच्या इतक्या जवळ उभं राहून ते सांगायचं माझं धाडस नाही. वेबवरच्या जाहिरातींचा इतिहासही सोडू. १९९४ साली हॉटवायर्डवर पहिल्या पट्ट्या लागल्या. पुढचं आपण सगळ्यांनी भोगलंय.

आपल्याला वाटतं, ब्लॉकर म्हणजे काहीतरी हुशार यंत्र, जाहिरात दिसली की ओळखतं. तसं नसतं. आत साध्या मजकुराची फाइल, म्हणजेच यादी असते, ओळीमागून ओळी. एखादी ओळ अशी : आधी दोन उभ्या रेघा, मग जाहिराती पुरवणाऱ्या सर्व्हरचा पत्ता, शेवटी टोपीसारखं चिन्ह. म्हणजे, या पत्त्याकडे जाणारी मागणी दारातच अडवा. दुसऱ्या जातीची ओळ : साइटचं नाव, दोन हॅश, मग पानातल्या एखाद्या चौकटीचं नाव. म्हणजे, ही चौकट दाखवू नका. पहिलीनं तुमचा डेटा वाचतो आणि पाळतही चुकते. दुसरीनं फक्त डोळ्यांना आराम; जाहिरात बऱ्याचदा आलेली असते, लपून बसलेली असते. ‘ब्लॉकर घातला तरी पान जड का?’ असं विचारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

या ओळी लिहितं कोण? इझीलिस्ट ही सगळ्यात जास्त वापरली जाणारी यादी २००५ साली रिक पेटनेल नावाच्या माणसानं सुरू केली. २००९ मध्ये तो वारला. यादी चालू राहिली, कारण इतरांनी ती हातात घेतली. यूब्लॉक ओरिजिन हा ब्लॉकर लिहिणारा रेमंड हिल तर देणगीसुद्धा घेत नाही. हे आपल्या सोसायटीच्या मेंटेनन्स मीटिंगमध्ये सांगून बघा. (हशा)

आता याच शहराचं बघा. २०१८ च्या ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयानं झापल्यावर बेंगळूरुच्या पालिकेनं फ्लेक्स उतरवले. झाडं दिसायला लागली, दुकानांच्या पाट्या दिसायला लागल्या. मग पुढाऱ्यांचे वाढदिवस आलेच. फ्लेक्सबंदी कागदावर होती, पण शिडी घेऊन रोज फिरणारा माणूस लागतो. ब्लॉकरच्या यादीचं नेमकं तेच आहे, आणि आज मला एवढंच सांगायचंय.

इझीलिस्ट मुख्यतः इंग्रजी साइट्ससाठी आहे. आपल्यासाठी वेगळी ‘इंडियनलिस्ट’ आहे. मराठी, कन्नड, तमिळ, बंगाली, सगळ्यांचा एकच डबा. यूब्लॉकच्या सेटिंगमध्ये भाषांच्या विभागात ती सापडते. चालू आहे का, घरी जाऊन बघा. जगभर वावरणारे जाहिरात-सर्व्हर मूळ यादीतच अडतात. पण एखाद्या मराठी बातम्यांच्या साइटनं स्वतः चिकटवलेली खालची पट्टी अडवायला ती साइट उघडणारा कुणीतरी लागतो.

इथे मावशीचं उदाहरण देतो, दोन मिनिटांत. मावशी कोल्हापूरहून आमच्याकडे आली होती. सकाळी चहाबरोबर फोनवर मराठी बातम्या. म्हणाली, ‘अरे, बातमी पळते.’ मला कळेना. शेजारी बसून बघितलं. ती मथळ्यावर बोट ठेवायला जाते, तेवढ्यात वर रिकाम्या जागेत जाहिरात येऊन बसते, मथळा खाली सरकतो आणि बोट पडतं जाहिरातीवर. जागा आधी राखून न ठेवता चौकट भरली की हे होतं. तिथून एक अनोळखी पान उघडायचं आणि विचारायचं, सूचना पाठवू का? मावशी प्रत्येक वेळी ‘परवानगी द्या’. मी म्हटलं, अगं, का देतेस? तर म्हणे, ‘इतकं विचारतोय बिचारा, नाही कसं म्हणायचं?’ (हशा) मग रात्री अकरानंतर टिंग, टिंग. ‘तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस.’ मावशीनं फोन आजारी आहे म्हणून चार्जिंगलाही लावायचं सोडलं. मी फायरफॉक्स घातला, त्यात यूब्लॉक घातला. बातमी पळायची थांबली. रात्री पुन्हा टिंग!

कारण ब्लॉकर मागणी अडवतो. दिलेली परवानगी परत घेत नाही. तिच्या जुन्या क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये ‘सूचना’ उघडलं तर न ऐकलेल्या नावांची रांग. एकेक काढली, मावशी चष्मा लावून शेजारी, प्रत्येक नावाला ‘हा कोण?’ म्हणत. तरी त्या बातम्यांच्या साइटवरची खालची पट्टी राहिलीच. यादीत तिची ओळच नव्हती.

(अध्यक्षांची चिठ्ठी.) दहा मिनिटं उरली. दोन मिनिटांची मावशी बरीच लांबली. मग यूसी ब्राउझरचं भराभर सांगतो. डेटा महाग होता तेव्हा आपल्याकडे असंख्य फोनवर त्यानंच जाहिराती अडवल्या. वापरणाऱ्यांना ‘ब्लॉकर’ हा शब्दही ठाऊक नव्हता. जून २०२० मध्ये ५९ चिनी ॲपवर बंदी आली, त्यात ते गेलं. आता बहुतेकांच्या फोनवर क्रोम, आणि अँड्रॉइडच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शनच चालत नाही. लॅपटॉपवर क्रोमचे एक्स्टेन्शनसाठीचे नवे नियम, मॅनिफेस्ट व्ही-३ : मूळ यूब्लॉक २०२४ पासून क्रोममधून बाहेर पडत गेलं, ‘लाइट’ उरलं. त्यात यादी सहसा नव्या आवृत्तीबरोबरच येते. गूगल म्हणतं, सुरक्षेसाठी. असेलही. पण जाहिरातींवर ज्याचं घर चालतं त्यानंच ब्लॉकरचे नियम ठरवावेत, हे मला पटत नाही. मधल्या रांगेतून कुणीतरी खाकरलं. कुठे काम करता ते विचारत नाही. (हशा)

मागून प्रश्न आहे की, मग मराठी वर्तमानपत्रांनी जगायचं कसं? रास्त आहे, आणि मी काही जाहिरातींचा शत्रू नाही. १९०९ साली ‘मनोरंजन’नं दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपले दिवाळी अंक जाहिरातींच्या आधारानंच उभे आहेत. पण ती जाहिरात पानावर गप्प बसते, बोटाखाली सरकत नाही, आणि अंक कोण वाचतंय हे तिला कळत नाही. तशी जाहिरात देणाऱ्या साइटसाठी यूब्लॉकचं मोठं बटण दाबून ब्लॉकर बंद ठेवा, मीही ठेवतो. आणि ब्लॉकर म्हणजे फुकट्यांची चैन असं म्हणणाऱ्यांसाठी : डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनं लोकांना ब्लॉकर वापरायला सांगितलं, कारण सर्चमधल्या जाहिरातींतून ओळखीच्या ब्रँडची बनावट पानं उघडत होती.

यूट्यूब? तिथे २०२३ पासून उघड पकडापकडी आहे. सकाळची यादी संध्याकाळी शिळी. फोनवरच्या ॲपांतल्या जाहिराती? ब्राउझरमधल्या ब्लॉकरचा तिथे हात पोचत नाही.

दुसरी चिठ्ठी. आठ वाजता हॉल कराओकेवाल्यांना द्यायचाय. तर पटकन काम सांगतो. यूब्लॉकच्या खिडकीत तक्रार नोंदवायचं एक छोटं चिन्ह आहे. मराठी साइटवर पट्टी राहिली की ते दाबा, पानाचा पत्ता द्या, काय राहिलं ते दोन ओळींत लिहा. आधी यादी ताजी करून बघा. जुन्या यादीवरची तक्रार वाचणाऱ्याचा वेळ खाते. पत्त्यात तुमचं लॉगिन वगैरे चिकटलेलं असेल तर ते काढा. गिटहबचं खातं लागतं. ते इथल्या मुलांकडे आहेच. आई-वडिलांनी साइट दाखवायची, मुलांनी तक्रार नोंदवायची. आयफोनवाल्यांचं वेगळं आहे. ते बाहेर, चहाच्या टेबलाशी.