दुकान मोबाईलवर, गिऱ्हाईक आपल्या वहीत

आपली ब्रह्मपुरी धानाची. इथे तांदूळ विकणारे दादा असोत की शिवणकाम करणारी ताई, सगळ्यांच्या हातात मोबाईल आहे. २०१६ मध्ये यूपीआय आलं, २०१८ मध्ये व्हॉट्सॲप बिझनेस. मालाचे फोटो, भाव, पैसे, सगळं फोनवर. जरूर वापरा.

पण २९ जून २०२० आठवा. सरकारने टिकटॉकसह ५९ ॲप्सवर बंदी घातली आणि तिथे जमवलेले फॉलोअर्स एका झटक्यात गेले. समाजमाध्यम ही भाड्याची जागा आहे. म्हणून गिऱ्हाइकांचे नंबर, त्यांना विचारून, स्वतःच्या वहीत लिहून ठेवा. जमल्यास दुकानाच्या नावाची छोटी वेबसाइट करा.

आणि पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. कोणी मागितला तर फोन ठेवून द्या.