पडकई: उतारावरची भातशेती

आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभे धरण झालं आणि महादेव कोळी आदिवासींच्या भातजमिनी पाण्याखाली गेल्या. उरला तो डोंगरउतार. तिथे कामी आली जुनी पडकई. काही कुटुंबांनी एकत्र यायचं, आळीपाळीनं एकमेकांच्या उतारावर दगडी ताली रचायच्या, माती भरून भातखाचरं करायची. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेनं या कामाला रोजगार हमी योजनेची जोड मिळवून दिली. वाहून जाणारी माती अडली, घरचा भात पिकू लागला. जलाशयातल्या मासेमारीसाठी आदिवासींची सहकारी संस्थाही उभी राहिली. २०१२ साली ‘शाश्वत’ला संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. शेतकरी बंधुभगिनींनो, यंदा पावसाआधी बांधाची डागडुजी शेजाऱ्यांच्या जोडीनं करून पाहा.